नोंद नाही

आमच्या गावात मेयरला मत देता येत नसे. हे मी काउंटरवर उभी राहून इतक्यांदा सांगितलं आहे, की झोपेतही सांगेन. दर चार वर्षांनी मे महिन्यात पाच कमिशनर निवडायचे. निवडून आलेले पाच जण एका टेबलाशी बसणार, आपल्यातल्याच एकाला मेयर करणार आणि गावाची खाती आपसांत वाटून घेणार. एकाकडे पोलीस, एकाकडे पैसा, एकाकडे रस्ते, एकाकडे बागा, उरलेलं पाचव्याकडे. पक्ष नाही, चिन्ह नाही. उमेदवाराने गावातल्या मतदारांच्या ठरलेल्या संख्येइतक्या सह्या गोळा करून आमच्या ऑफिसात आणून द्यायच्या, की त्याचं नाव मतपत्रिकेवर येई. त्या सह्या तपासायचं काम माझं होतं.

न्यू जर्सीतलं लहान गाव, ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी टाउन क्लार्कच्या हाताखाली होते. क्लार्क म्हणजे आपल्याकडचा कारकून नव्हे. निवडणूक, जन्ममृत्यूच्या नोंदी, कुत्र्यांचे परवाने, सगळं तिच्या सहीने चाले. आमची क्लार्क साठीला आलेली गोरी बाई होती, शिस्तीची. मुलं शाळेत जायला लागल्यावर मी टायपिंगच्या जोरावर तिच्याकडे चिकटले आणि दोन वर्षांत तिच्या कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या.

त्या वर्षी प्रश्न एवढाच होता, की आमच्या डॉक्टरांचं नाव मतपत्रिकेवर येणार की नाही. ते एका सहीपाशी अडलं आणि ती सही मी नाकारली. सही खरी होती. आज पन्नाशी ओलांडल्यावर हे लिहिते आहे, कारण त्या ऑफिसातली बाकी कामं मी विसरले, हे विसरले नाही.

सही माझ्या मैत्रिणीची. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. कॉस्मेटिक्सच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. गाडी चालवत नसे. नवऱ्याने दोनदा शिकवायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा घरी येऊन तिने त्याच्याशी बोलणं बंद केलं, म्हणून तो नाद सुटला. बसस्टॉपपासून तिच्या घरापर्यंत वीस मिनिटांचा रस्ता, आणि त्या रस्त्याला फुटपाथ नव्हता. गाड्या अंगावरून गेल्यासारख्या जायच्या. आमच्या लोकांपैकी बऱ्याच बायका तशाच चालत जायच्या, कोटाखाली साडी, साडीखाली बूट.

फुटपाथ हवा हा तिचा ध्यास होता. ऑफिसात येऊन मला विचारायची, अर्ज कुणाकडे करू. मी सांगायची, रस्त्यांच्या कमिशनरकडे. तिने केले. उत्तर एकच यायचं, विचाराधीन आहे. मग ती म्हणाली की तिथे आपलाच माणूस बसवला पाहिजे. ती आणि तिचा नवरा नुकतेच नागरिक झाले होते. मतदार म्हणून दोघांची नोंदणी मीच केली. मतदारवहीत प्रत्येकाचं एक पान असे, आडनावाप्रमाणे दोघांची पानं एकामागोमाग लागली. त्याने इंग्रजीत सही केली. तिने मराठीत केली. नियमाला कुठल्याही लिपीची अडचण नाही, सही दर वेळी तीच असली म्हणजे झालं. आधी अक्षरं लिहायची आणि सगळ्यात शेवटी वरून एक लांब रेघ ओढायची, दाराला कडी लावल्यासारखी. रेघ ओढताना जीभ किंचित बाहेर काढायची. मग मला म्हणाली, "झालं का गं, कारकूनबाई? आता मला कुणी गावाबाहेर काढणार नाही ना?"

डॉक्टर नागपूरचे, हॉस्पिटलात भूल देणारे, अतिशय सभ्य. त्यांना उभं राहायचं नव्हतं. तिने त्यांच्या बायकोला गाठलं, मग त्यांना. ते सप्टेंबरात आमच्या ऑफिसातून सह्यांचे कोरे कागद घेऊन गेले. काउंटरवरून मीच दिले.

आणि आता ती चूक, जी आमचेच लोक करू शकतात. अमेरिकन उमेदवार वसंतात दारोदार फिरून सह्या घेतो. डॉक्टरांना कुणाच्या दारात उभं राहून मागायची लाज वाटत होती. दिवाळीच्या फराळाला सगळे त्यांच्या घरी जमणार होते, तिथेच कागद फिरवले तर कुणाला वेगळा त्रास नको, असं त्यांनी ठरवलं. बेसमेंटमध्ये चादरी अंथरल्या होत्या. चकल्यांच्या ताटामागून कागद फिरत होते. माझी नोकरी ऑफिसातली, म्हणून मी मुद्दाम वर स्वयंपाकघरात जाऊन चहा गाळत उभी राहिले. पण जिन्यावरून दिसत होतं. तिने तेलकट बोटं पदराला पुसली, कागद गुडघ्यावर घेतला, सही केली, रेघ ओढली. मग डॉक्टरांना म्हणाली, निवडून आलात तर रस्तेच मागून घ्या, नाहीतर तुम्ही भिडेखातर दुसरंच काहीतरी घेऊन याल. सगळे हसले. डॉक्टरही हसले.

जानेवारीत ती गेली. बर्फ पडून गेलं होतं आणि नगरपालिकेच्या नांगराने ते सगळं रस्त्याच्या कडेला, म्हणजे जिथून ती चालायची तिथे, कमरेएवढं ढकलून ठेवलं होतं. कारखान्यातून परत येताना ती डांबरावरून चालत होती. साडेचारची वेळ, अंधारत होतं. गाडीवाल्याची चूक नव्हती. पोलिसांच्या कागदात लिहिलं होतं, "रस्त्यात चालणारी व्यक्ती". मी तो कागद वाचला, कारण मृत्यूची नोंद आमच्याच ऑफिसात व्हायची होती. दाखला मी टाइप केला, क्लार्कने सही केली. महिन्याच्या शेवटी मृत मतदारांची यादी काउंटीकडे, म्हणजे जिल्ह्याच्या ऑफिसात जाते, त्यात तिचं नाव मीच घातलं. मतदारवहीतलं तिचं पान मीच काढलं, त्यावर 'मृत' असा शिक्का मारला आणि तिजोरीच्या खोलीतल्या सगळ्यात खालच्या खणात ठेवलं. ही कामं मी दर महिन्याला करत होते. त्या महिन्यातही केली.

मार्चअखेर डॉक्टर सह्यांचे कागद घेऊन आले. खाली त्यांची शपथ होती, की प्रत्येक सही कागदावरच्या तारखेला त्यांच्या समोर झाली आहे. मी वही काढून एकेक सही जुळवायला बसले. पहिल्या दिवशी बऱ्याच उडाल्या. अजून नागरिक न झालेल्या ग्रीन कार्डवाल्यांनी उत्साहाने केलेल्या, गावाच्या हद्दीपलीकडे राहणाऱ्यांच्या, वहीत नाव नसलेल्यांच्या. अशा प्रत्येक ओळीपुढे मी लाल पेन्सिलीने लिहीत गेले, 'नोंद नाही'. शेवटी हव्या होत्या त्याहून तीनच सह्या जास्त उरल्या होत्या.

चौथ्या कागदाच्या मध्यावर ती होती. बाजूला इंग्रजीत नाव-पत्ता, मग ती मराठी अक्षरं, वर ती लांब रेघ. अक्षरांच्या कडेला तेलाचा एक पारदर्शक डाग होता. आणि पुढे तारीख, मार्चची. मी आधी तारीख वाचली आणि मग महिने मोजले, जसं काही मोजण्यात चूक होईल. ऑफिसात टाइपरायटर चालू होते. मला आठवतंय की मी मान वळवून दाराकडे पाहिलं.

कळायला फार वेळ लागला नाही. त्या कागदावरच्या सगळ्या तारखा एकाच पेनाने, एकाच हाताने लिहिलेल्या होत्या. दिवाळीत तारखेचा रकाना मोकळा राहिला असणार. नंतर कुणीतरी डॉक्टरांना सांगितलं असेल, की गेल्या वर्षीच्या सह्या चालणार नाहीत, म्हणून त्यांनी बसून सगळीकडे मार्च घातला. घालताना नावं वाचली नाहीत. सभ्य माणूस, पण बायकांची नावं वाचायची सवय नसलेला.

माझ्यापुढे तीन रस्ते होते. सही धरली, तर ती पकडली जाणार होती; विरोधकांची माणसं कागद तपासायला येत, आणि जानेवारीचा अपघात गावाच्या पेपरात छापून आला होता. 'मृत' असं कारण लिहून खोडली, तर पहिला प्रश्न हा, की जानेवारीत गेलेल्या बाईने मार्चमध्ये डॉक्टरांसमोर सही कशी केली. मग शपथ खोटी, चारही कागद बाद, डॉक्टर बाद, कदाचित कोर्ट. तिसरा रस्ता माझ्या हातातल्या पेन्सिलीत होता. त्या दिवशी वहीत तिचं पान नव्हतं, कारण ते मीच काढलं होतं. 'नोंद नाही' हे त्या दिवसापुरतं खरं होतं आणि त्या ओळींकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नसे.

मी लिहिलं. अक्षर नेहमीसारखं आलं.

दुपारी क्लार्कने कागद चाळले. तिचं बोट मराठी सहीवर थांबलं. हे कुठलं लिखाण, तिने विचारलं. आमचं, मी म्हणाले. काय लिहिलंय? मी नाव वाचून दाखवलं. जानेवारीत त्या नावाच्या दाखल्यावर तिनेच सही केली होती. ती बाजूच्या इंग्रजी अक्षरांकडे थोडी जास्त वेळ बघत राहिली, मग माझ्या लाल शब्दांकडे, आणि पान उलटलं. तिला कळलं होतं की नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. ती निवृत्त झाली तेव्हाही नाही.

डॉक्टरांचं नाव मतपत्रिकेवर आलं. नियमाप्रमाणे नाकारलेल्या सह्यांची यादी त्यांना पाठवली गेली. तीच यादी डॉक्टरांकडून घेऊन दोन दिवसांनी तिचा नवरा काउंटरवर आला. मी त्यांना भाऊजी म्हणायची. उंच, बारीक, कमी बोलणारे. तिच्या पश्चात त्यांची दाढी कधी नीट झालेली दिसत नसे.

त्यांनी यादी माझ्यासमोर ठेवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "वहिनी, हे काय आहे?"

मी हळू आवाजात सांगितलं, की पान काढलं गेलं होतं, म्हणून नोंद नाही.

"तिने दिवाळीत सही केली. दिवाळीत नोंद होती. तुम्हीच केली होती."

मला पान बघायचंय, असंही ते म्हणाले. तो त्यांचा हक्क होता. मी आत जाऊन खालचा खण उघडला आणि पान आणून दिलं. शिक्का तिच्या सहीवर थोडा चढला होता, मारताना माझा हात सरकला असेल. ते ती सही बघत उभे राहिले. मागे कुत्र्याच्या परवान्यासाठी एक माणूस ताटकळत होता, त्याला मी बसायला सांगितलं.

मग ते म्हणाले की यादीत दुरुस्ती करा. ती मतदार होती, एवढं लिहा. मी त्यांना तारखेचं सांगितलं, शपथेचं सांगितलं. दुरुस्ती केली की डॉक्टर संपले.

"मला डॉक्टर नकोत," ते म्हणाले. "माझ्या घरात आता तिचा एवढाच कागद आहे आणि त्यावर तुम्ही लिहिलंय की ती नव्हतीच."

"डॉक्टर तिला हवे होते, भाऊजी."

हे मी बोलले. ते बरोबर होतं आणि मला माहीत होतं की त्याला उत्तर नाही, म्हणूनच बोलले. त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं, यादीची नीट घडी घातली आणि गेले.

त्यानंतर मला त्या खोलीत जायला नको वाटू लागलं. कामच तिथलं, त्यामुळे जावं लागे. खालच्या खणाकडे पाठ करून वरची कपाटं उघडायची, असं मी ठरवून टाकलं. नोंदणीला कुणी आलं, की मी पान पुढे सरकवायची, आणि पेन कागदाला टेकायच्या आधीच्या क्षणात मला त्या माणसाच्या जागी तेलकट बोटं दिसायची. रेघ ओढायची राहिली आहे असं वाटायचं. एकदा एका पोलिश म्हातारीला मी म्हणाले सुद्धा, की अजून पुरं झालं नाही. तिची सही केव्हाच पूर्ण झाली होती. घरी मी हे कुणाला बोलले नाही. आयसेलिनच्या भारतीय दुकानांतून किराणा आणायला जाताना तिचा तो रस्ता लागायचा, तर मी लांबच्या वळणाने जायची आणि नवऱ्याला सांगायची की इकडे ट्रॅफिक कमी असतो.

मे महिन्यात डॉक्टर पाचव्या क्रमांकाने निवडून आले. आमच्या लोकांनी पेढे वाटले. भाऊजींनी मत दिलं, हे मला मतदानाच्या दिवशी वहीत केलेल्या त्यांच्या सहीवरून कळलं.

पुढच्या आठवड्यात नव्या मंडळाची पहिली बैठक झाली. मी मिनिट्स घ्यायला कोपऱ्यात बसले होते. मेयर कोण, यावर बाकी चौघांची दोन-दोन मतं पडली आणि निर्णय डॉक्टरांच्या मतावर आला. तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, की आता हा माणूस जे मागेल ते त्याला मिळेल. मेयर व्हायला निघालेल्या गृहस्थाने विचारलंच, तुम्हाला कुठलं खातं आवडेल? मी पेन्सिल धरून बसले होते. रस्ते, एवढा एक शब्द लिहायचा होता.

डॉक्टर हसले आणि म्हणाले, "तुम्ही सगळे अनुभवी आहात. तुम्ही द्याल ते मी आनंदाने घेईन."

दुसऱ्याच्या घरी पानावर बसल्यावर आपण म्हणतो तसं ते म्हणाले. आपल्याकडे यावर यजमान आग्रह करतो, दोनदा, तीनदा, आणि मग पाहुणा हळूच सांगतो. त्या टेबलाशी कुणी आग्रह केला नाही. बाकीच्यांनी आभार मानले आणि डॉक्टरांना बागा दिल्या. मी ते शब्द जसेच्या तसे टाइप केले. चार वर्षांत गावात काही बाकं आली, एक घसरगुंडी आली. बाहेर भेटल्यावर डॉक्टर मला म्हणाले होते, की पहिल्याच दिवशी मागणं बरं दिसलं नसतं, पुढच्या वर्षी बोलतो. पुढच्या वर्षी खाती बदलत नाहीत, हा नियम त्यांना मी सांगितला.

म्हणजे मी तिला वहीतून पुसलं, ते घसरगुंडीसाठी. हे वाक्य मी तेव्हाच मनात तयार केलं होतं आणि त्यात मला अजून फेरफार करता आलेला नाही.

पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात भाऊजी पुन्हा काउंटरवर आले. दाढी केलेली होती. व्हर्जिनियात हर्नडनला त्यांचा मुलगा कंप्यूटरच्या कंपनीत लागला होता, त्याच्याकडे कायमचे निघाले होते. घर विकलं होतं. इथल्या मतदारयादीतून नाव काढायचं आहे म्हणाले. अमेरिकेत हे सांगायला कुणी येत नाही, लोक नुसतेच निघून जातात. ते कामावरून परतायच्या वेळी, साडेचारच्या सुमारास आले होते, आणि बाहेर अंधारत होतं.

मी फॉर्म काढला. त्यांना घरचं विचारलं, मुलाचं विचारलं. त्यांनी जेवढ्यास तेवढं सांगितलं. त्यांच्या मागे काउंटरचं दार पूर्ण लागलं नव्हतं, थंडी आत येत होती, आणि माझी नजर सारखी तिकडे जात होती. कुणीतरी बूट झटकून मागोमाग आत येईल, असं मला वाटत होतं. ते दोघं नेहमी तसेच यायचे, आधी ते, मग ती.

फॉर्मवर शेवटी एक चौकट असते, नाव काढण्याचं कारण. मी पेन टेकवलं. ते काउंटरवर वाकले.

"कारणात काय लिहिणार?"

"गाव सोडलं," मी म्हणाले.

ते म्हणाले, "म्हणजे मी इथे होतो, एवढं तरी लिहिणार."

मी लिहिलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, फॉर्म स्वतःकडे वळवून घेतला आणि ते दोन शब्द उभ्या उभ्या वाचले. मग सही केली. वही काढून ती जुळवणं हा नियम होता, म्हणून त्यांच्यासमोर मी वही उघडली. त्यांचं पान होतं. त्याच्या पुढचं पान दुसऱ्याच कुणाचं होतं.